नकाशावरची ती गाडी नक्की कोणाची?



मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास मी स्वारगेटला एसटीतून उतरले. पाऊस सुरू होता, म्हणून आडोशाला उभं राहून फोनवरून कॅब बोलावली. ॲप कोणतं ते जाऊ द्या, आजच्या विषयाला त्याने फरक पडत नाही. स्क्रीनवर नकाशा आला, नकाशावर एक इवलीशी गाडी आली, आणि ती गाडी छान सरकत, वळणावर तोंड फिरवत माझ्याकडे यायला लागली. चार मिनिटं, मग तीन मिनिटं. मी पिशवी उचलून रस्त्याच्या कडेला गेले. तेवढ्यात गाडीने एकदम मागे उडी मारली आणि ती भलत्याच रस्त्यावर दिसायला लागली. ड्रायव्हरदादांना फोन केला तर म्हणाले, "ताई, मी अजून डेक्कनलाच अडकलोय."

भिजले, दुसरं काय! पण घरी आल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना. पाच मिनिटं मी जिच्याकडे टक लावून बघत होते, ती सरकणारी गाडी माहिती होती की नुसतं चित्र? आणि त्या सरकण्यावर कोणाची मालकी असू शकते का? शोधत गेले तेव्हा कळलं की अमेरिकेतला डिझाइन पेटंटचा कायदा याच प्रश्नाशी किती वर्षं झटापट करतोय. शेगड्या, चमचे, कारंजी, सिनेमा असा सगळा प्रवास करून तो आपल्या फोनपर्यंत आलाय. आज त्याचीच गोष्ट.

शेगड्या, खिळे आणि चमचे

आधी एक फरक लक्षात घेऊया. पेटंट म्हटलं की आपल्याला यंत्र आठवतं. वस्तू कशी चालते याचं जे पेटंट, ते युटिलिटी पेटंट. वस्तू कशी दिसते याचं जे पेटंट, ते डिझाइन पेटंट. या दुसऱ्या प्रकाराची एक मोठी अट आहे: जे रूप तुम्ही मागताय ते शोभेचं असलं पाहिजे. कामासाठी त्या वस्तूला तोच आकार घ्यावा लागत असेल, दुसरा पर्यायच नसेल, तर तो डिझाइन पेटंटमध्ये बसत नाही. ही अट डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

अमेरिकेत हा कायदा झाला २९ ऑगस्ट १८४२ ला. त्या काळी ओतीव लोखंडाच्या शेगड्यांचा धंदा जोरात होता. एकाने मेहनतीने नक्षीदार शेगडी बनवायची आणि दुसऱ्याने ती विकत आणून तिच्यावरूनच साचा पाडायचा, असं सर्रास चालायचं. कारखानदारांनी संरक्षण मागितलं, आणि काँग्रेसने सात वर्षं मुदतीचं डिझाइन पेटंट देऊ केलं. पहिलं पेटंट मात्र शेगडीला मिळालं नाही. ९ नोव्हेंबर १८४२ ला ते मिळालं न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूस यांना, छापखान्याच्या खिळ्यांसाठी, म्हणजे अक्षरांच्या वळणासाठी.

पुढचा टप्पा चांदीच्या चमच्यांचा. गोरहॅम नावाच्या कंपनीने चमच्या-काट्यांच्या दांड्याचं डिझाइन नोंदवलं होतं. व्हाइट नावाच्या विक्रेत्याचे चमचे तसेच दिसतात म्हणून दावा झाला. जाणकार साक्षीदारांनी बारीकसारीक फरक दाखवले. पण १८७१ च्या सत्रातल्या त्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की तज्ज्ञाची नजर बाजूला ठेवा, दुकानात आलेलं साधं गिऱ्हाईक नेहमीएवढं लक्ष देऊन बघताना फसेल का, ते सांगा. ही कसोटी आजही चालते.

मग आले गालिचे. १८८५ मध्ये गालिच्याच्या नक्षीची चोरी सिद्ध झाली, पण सुप्रीम कोर्टाने भरपाई ठरवली फक्त सहा सेंट! कारण विचारलं तर, नफ्यातला नेमका किती भाग नक्षीमुळे आला हे दाखवता आलं नाही. उत्पादक खवळले, आणि १८८७ मध्ये काँग्रेसने नियमच बदलला: डिझाइन चोरलं तर त्या वस्तूवरचा सगळा नफा द्यायचा, आणि काही झालं तरी किमान २५० डॉलर. गालिच्यांसाठी केलेल्या या नियमाने पुढे फोन कंपन्यांना घाम फोडला. ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात २०१२ मध्ये ज्युरीने शंभर कोटी डॉलरच्या वरचा आकडा काढला, त्यात आयकॉनच्या मांडणीचं एक डिझाइन पेटंटही होतं. पुढे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 'वस्तू' म्हणजे दर वेळी अख्खा फोनच धरायला हवा असं नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो.

पाण्याचा आकार

आतापर्यंतच्या सगळ्या वस्तू एका जागी गपगुमान बसणाऱ्या होत्या. हलणाऱ्या गोष्टीचं काय करायचं?

त्याचं पहिलं छान उत्तर मिळालं १९६७ मध्ये, आणि ते होतं कारंजाबद्दल. ह्रूबी नावाच्या अर्जदाराने कारंजातून उडणाऱ्या पाण्याच्या आकाराचं डिझाइन मागितलं. पेटंट कार्यालय म्हणालं, अहो, पाणी वाहतंय, पंप बंद केला की आकार गेला, याला वस्तू कसं म्हणायचं? अपील कोर्टाने कार्यालयाचं म्हणणं उलटवलं. थेंब बदलत राहतात, पण बघणाऱ्याला आकार तोच दिसतो, आणि तो माणसानेच घडवलेला आहे, मग ती वस्तूच.

पण इथे एक बारीक गोम आहे. त्या कारंजातलं पाणी हलत होतं, आकार मात्र स्थिर होता. आकारच बदलत असेल तर काय, हा प्रश्न तसाच उरला.

शिंकेचे फोटो

आता मी तुम्हाला जरा बाजूला नेते, दुसऱ्या कायद्यात, कॉपीराइटच्या. कारण हाच पेच तिथे आधीच येऊन गेला होता.

जानेवारी १८९४. एडिसनच्या प्रयोगशाळेत फ्रेड ऑट नावाचा कर्मचारी कॅमेऱ्यासमोर शिंकला. पाचेक सेकंदांचं ते चित्रण कॉपीराइटसाठी नोंदवायचं होतं, पण कायद्यात सिनेमा नावाचा प्रकारच नव्हता. फोटो होता. मग काय, शिंकेच्या सगळ्या चौकटी एका कागदावर ओळीने छापल्या आणि फोटो म्हणून नोंदवल्या. तो कागद आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

पुढे १९०२ मध्ये एडिसनच्या लोकांनी जर्मन कैसरच्या यॉटचं जलावतरण टिपलं. त्यात साडेचार हजारांच्या आसपास चौकटी होत्या. लुबिन नावाच्या माणसाने त्याची नक्कल विकली. खालच्या कोर्टाने सांगितलं की प्रत्येक चौकट वेगळा फोटो आहे, तेव्हा प्रत्येकीची वेगळी नोंदणी हवी. विचार करा, साडेचार हजार अर्ज! १९०३ मध्ये अपील कोर्टाने हे फिरवलं. चौकटी एकमेकींपासून जेमतेम वेगळ्या आहेत, सगळ्या मिळून एकच चित्र आहे, एक नोंदणी पुरे. आणि १९१२ मध्ये कायद्यातच चलच्चित्र हा वेगळा प्रकार आला.

म्हणजे कॉपीराइटने अठरा वर्षांत सुटे फोटो सोडून हालचालीला एक गोष्ट म्हणून स्वीकारलं. डिझाइन पेटंटने काय केलं, ते आता बघूया.

मधला काळ कोणाचाच नाही

१९८० च्या दशकात संगणकावर आयकॉन आले, आणि झेरॉक्ससारख्या कंपन्यांनी त्यांची डिझाइन पेटंटं मागायला सुरुवात केली. प्रश्न पुन्हा तोच: ही वस्तू आहे की चित्र? १९९२ मध्ये पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने काही अर्ज फेटाळले. कारण साधारण असं की, नुसतं आयकॉन म्हणजे कागदावरचं चित्र झालं, ते कोणत्या वस्तूवर आहे हे दाखवलेलं नाही. पण त्याच निकालांनी वाटही दाखवली. आयकॉन स्क्रीनवर दाखवा, म्हणजे स्क्रीन ही वस्तू आणि आयकॉन ही तिची शोभा. १९९६ मध्ये कार्यालयाने तशी मार्गदर्शक तत्त्वंच काढली. तेव्हापासून या पेटंटांची शीर्षकं 'डिस्प्ले स्क्रीन' या शब्दांनीच सुरू व्हायला लागली.

पुढे आयकॉन हलायला लागले. मग तपासनीसांच्या नियमपुस्तिकेत एक सोय झाली: बदलणारं चित्र असेल तर दोन किंवा जास्त आकृत्या द्या, त्या क्रमाने बघायच्या असं समजलं जाईल. आणि पाठोपाठ एक अट. एक चित्र दुसऱ्यात बदलतं ती प्रक्रिया, किंवा त्यात जाणारा वेळ, यांना शोभेचा कुठलाही भाग मानलं जाणार नाही.

जरा थांबून पुन्हा वाचा हे. हलणाऱ्या चित्राचं पेटंट मिळतं, पण हलणं त्यात धरत नाहीत! व्हिडिओ जोडून चालत नाही, रेखाचित्रंच लागतात. आणि अशा पेटंटांच्या वर्णनात अर्जदार स्वतःच लिहून देतो की, आकृत्यांमधला बदलाचा काळ आमच्या दाव्याचा भाग नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲपलचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांना पुस्तकाचं पान उलटण्याच्या ॲनिमेशनचं डिझाइन पेटंट मिळालं. 'आता पान उलटणंही ॲपलचं' अशी टिंगल झाली. पण पेटंटात होतं काय? तीन चित्रं. पानाच्या उलटण्यातले तीन थांबे. मधलं उलटणं दाव्याच्या बाहेरच.

टॅक्सीची ॲपं येतात

हे सगळं तयार असताना टॅक्सीची ॲपं आली. उबर २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, ओला २०१० मध्ये आपल्या मुंबईत, लिफ्ट आणि चीनमधली दीदी २०१२ मध्ये. या कंपन्यांकडे स्वतःच्या गाड्या नव्हत्या, दुकानं नव्हती. गिऱ्हाइकाला जे काही दिसायचं ते स्क्रीनवरच. मग त्या दिसण्याचीच राखण करणं ओघाने आलं. उबरच्या नावावर अमेरिकेत स्क्रीनवरच्या अशा पॅनेलची डिझाइन पेटंटं आहेत: गाडी मागवतानाचं पॅनेल, मागणी पक्की झाल्याचं पॅनेल वगैरे. अशा रेखाचित्रांत फोनची कड आणि आजूबाजूचा मजकूर तुटक रेषांत काढायची पद्धत आहे. तुटक म्हणजे 'हे फक्त संदर्भासाठी, यावर आमचा दावा नाही'. अखंड रेषेत जे काढलंय तेवढंच आपलं. १३ मे २०१५ पासून केलेल्या अर्जांना पंधरा वर्षांची मुदत मिळते, त्याआधी चौदा मिळायची.

आता गंमत बघा. गाडी कशी सरकते? ड्रायव्हरचा फोन दर काही सेकंदांनी आपला ठावठिकाणा कळवतो. एक बिंदू आला, मग काही सेकंदांनी दुसरा. मधल्या वेळात गाडी कुठे होती, हे तुमच्या स्क्रीनला माहीत नसतं. पण दर वेळी उडी मारणारी गाडी डोळ्यांना खुपते, म्हणून सॉफ्टवेअर दोन बिंदूंमधलं सरकणं स्वतः भरून काढतं. वळणावर तोंड फिरवणंही बऱ्याचदा त्यातलंच. सिग्नल तुटला, बिंदू आलाच नाही, की अंदाजाने गाडी पुढे नेली जाते, आणि खरा बिंदू आला की ती मागे उडी मारते. स्वारगेटला माझ्या गाडीचं बहुतेक हेच झालं असणार.

म्हणजे पेटंट मधल्या काळाला धरत नाही, आणि ॲपकडे मधल्या काळाची माहिती नसते. मात्र रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचं सगळं लक्ष त्या मधल्या काळावरच असतं.

भुताच्या गाड्या

इथे ती शोभेची अट पुन्हा येते. २०१५ मध्ये ॲलेक्स रोझेनब्लाट या संशोधिकेने उबरच्या नकाशावरच्या 'फँटम' गाड्यांबद्दल लिहिलं. स्क्रीनवर गाड्या फिरताना दिसतात, पण त्या जागी प्रत्यक्ष गाड्या असतातच असं नाही, असं ड्रायव्हरांच्या अनुभवावरून त्यांचं म्हणणं होतं. कंपनीच्या मदत विभागाच्या एका उत्तरात त्या दृश्याची तुलना चक्क स्क्रीनसेव्हरशी केली होती. कंपनीने आरोप नाकारला. नकाशा शक्य तितका अचूक असतो, थोडा उशीर तांत्रिक कारणांनी होतो, असं त्यांचं उत्तर होतं.

ही झाली अचूकतेची भांडणं. पण मार्च २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जे छापलं ते वेगळ्याच जातीचं होतं. उबरकडे 'ग्रेबॉल' नावाची एक व्यवस्था होती. ज्या शहरांत सेवेला परवानगीचे वाद होते, तिथले तपासणी अधिकारी ओळखून त्यांना ॲपची वेगळी आवृत्ती दाखवली जायची. त्यात गाड्या फिरायच्या, पण त्या खोट्या असायच्या, किंवा एकही गाडी दिसायची नाही. २०१४ मध्ये पोर्टलंडच्या अधिकाऱ्यांनी गाडी बोलावून बघितली तेव्हा हेच घडलं होतं. बातमीनंतर काही दिवसांतच कंपनीने सांगितलं की अधिकाऱ्यांविरुद्ध हे वापरणार नाही.

मला इथे पेटंटची भाषा आठवते. ते रूप शोभेचं आहे, असं म्हटल्याशिवाय डिझाइन पेटंट मिळत नाही. आणि शोभेच्या गोष्टीला खरं-खोटं लागू होत नाही, गालिच्यावरच्या फुलाला कोणी खोटं म्हणत नाही. पण नकाशावरची गाडी बघून माणूस पावसात रस्त्यावर येतो, एकटी बाई रात्री ऑफिसच्या फाटकाबाहेर पडते. तिच्यासाठी ती गाडी माहिती आहे. पेटंट कार्यालय हे तपासत नाही आणि ते त्याचं कामही नाही. पण म्हणूनच, एखाद्या स्क्रीनला पेटंट आहे याचा अर्थ ती विश्वासाची आहे, असा कोणी काढू नये.

चीन, कोलकाता, ब्रसेल्स

बाकीच्या देशांनी काय केलं? चीनने २०१४ पासून अशा इंटरफेसची नोंदणी सुरू केली. पण २०१७ मध्ये बीजिंगच्या बौद्धिक संपदा कोर्टात एक अडचण उघडी पडली. किहू कंपनीचं डिझाइन इंटरफेस असलेल्या संगणकासाठी नोंदलेलं होतं, आणि समोरची जिआंगमिन कंपनी विकत होती नुसतं सॉफ्टवेअर. संगणक विकलाच नाही तर संगणकाच्या डिझाइनची नक्कल कशी, म्हणून दावा फेटाळला गेला. टॅक्सीचं ॲपही कुठे स्क्रीन विकतं?

आपल्याकडे डिझाइन कायदा आहे २००० चा, आणि त्याचं कार्यालय कोलकात्याला. २०१४ मध्ये ॲमेझॉनचा इंटरफेसचा अर्ज तिथे नाकारला गेला: स्क्रीन चालू असतानाच दिसतं, वेगळं बनवून विकता येत नाही, अशा धर्तीची कारणं. १८४२ च्या चष्म्यातून बघितलं तर बरोबरच. मार्च २०२३ मध्ये मात्र कलकत्ता हायकोर्टाने यूएसटी ग्लोबलच्या प्रकरणात असाच एक नकार रद्द केला आणि अर्ज नव्याने तपासायला परत पाठवला.

आणि सगळ्यात मोठी उडी युरोपची. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या नव्या नियमात डिझाइनच्या व्याख्येतच हालचाल, स्थित्यंतर आणि ॲनिमेशन हे शब्द आले. कॉपीराइटने १९१२ मध्ये जे केलं, ते डिझाइनच्या कायद्यात युरोपने शंभराहून जास्त वर्षांनी केलं.

हे चांगलं की वाईट? मला दोन्ही बाजू दिसतात. एखादी डिझायनर महिनाभर बसून हालचालीतली लय जमवते, तिच्या कामाला फक्त तीन स्थिर चित्रांची किंमत मिळणं अन्यायाचंच. पण अमेरिकेने मोकळी ठेवलेली ती फट छोट्यांच्या कामाला आली, हेही खरं. सरकणारी गाडी कोणा एकाच्या मालकीची झाली नाही, म्हणून बंगळुरूच्या नम्मा यात्रीसारखं रिक्षाचालकांसाठीचं ॲपसुद्धा आपल्या नकाशावर रिक्षा चालवू शकतं. हालचालीला मालक मिळणार असेल, तर 'ही नुसती शोभा आहे की प्रवाशाला लागणारी माहिती' हा प्रश्न प्रत्येक अर्जाला कसून विचारायला हवा. माहिती असेल तर ती सगळ्यांना दाखवता आली पाहिजे, आणि ती खरीही असली पाहिजे.

तोवर आपण काय करायचं? मी माझ्यापुरतं ठरवलंय. गाडी सरकतेय म्हणून रस्त्यावर जायचं नाही. नंबर बघायचा, दादांना एक फोन करायचा, "कुठपर्यंत आलात?" आणि मगच छत्री उघडायची.

तुम्हाला असे अनुभव आले असतील तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, नमस्कार.